सेनापती मेला की नाही?

प्रसूतीच्या खोलीबाहेर बाकावर सासूबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. शेजारी जावई आणि मुलगा मोबाइलमध्ये डोकी खुपसून लाडक्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेवर येऊ घातलेल्या सिनेमाचा ट्रेलर बघत होते.

"सेनापती मेलाय, दाजी. मालिकेच्या शेवटच्या भागात पुरला त्याला."

"पेटी उघडून दाखवली का? नाही ना? मग!"

"पण ट्रेलरमध्ये तो इतका तरुण कसा?"

"सिनेमा मालिकेच्या आधी घडतो, म्हणून."

"मग गालावर वाराचा व्रण कसा? वार तर दुसऱ्या सीझनमध्ये बसला."

"हा वेगळा वार असेल."

"त्याच गालावर?"

"सेनापती आहे तो, छोट्या. गाल दोनच असतात."

"अहो, आतून काही कळलं का?" सासूबाईंनी न राहवून विचारलं.

"नाही ना, आई. ताकास तूर लागू देत नाहीत. राणीच्या मांडीवर बाळ तेवढं दाखवलंय."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दार उघडलं.

"बाळाचे वडील कोण?" नर्सनं विचारलं.

"तिथंच तर घोडं अडलंय," जावई मान वर न करता म्हणाला. "माझा संशय सेनापतीवर आहे."

नर्स सासूबाईंकडे बघतच राहिली.

"हेच हो वडील!" सासूबाईंनी जावयाला दंडाला धरून उभं केलं.

"मुलगी झालीय. दोघी सुखरूप आहेत. या आत."

बऱ्याच वेळानं जावई दुपट्यात गुंडाळलेली लेक घेऊन, एकेक पाऊल जपून टाकत बाहेर आला. डोळे लाल झाले होते.

"दाजी, सापडलं! सेनापतीला जुळा भाऊ असणार!"

"कोण सेनापती?" जावयानं विचारलं. "हळू बोल, झोपलीय ती."