दोन चमचे कूट

“माझ्या रेवाला दाणे चालत नाहीत ताई. कणभरसुद्धा नाही.”

मंडळी, हे मला जूनमध्येच सांगून झालं होतं. सांगणारी नीलांबरी गवंडे, आपल्याच कॉलनीत तळमजल्यावर नव्याने राहायला आलेली. आणि मी? मी मान हलवली. मनात म्हटलं, काय एकेक नखरे! दाणे उपासाला चालतात, आणि हिच्या पोरीला चालत नाहीत?

तर आजचा प्रश्न हाच. समोरच्याने तोंड उघडून स्पष्ट सांगितलेलं आपल्या कानात का शिरत नाही? आणि आपण मायेने खाऊ घातलं, म्हणजे आपल्याला दोष लागत नाही का?

नारदांच्या गादीवर उभी आहे, खोटं बोलणार नाही. आजचं आख्यान पुराणातलं नाही, माझ्या ओट्यावरचं आहे.

ऐका. रविवारची सकाळ. रेवा माझ्या चार्वीशी खेळायला येणार, दोघी पाच वर्षांच्या. न्याहारीला सँडविच करायचं ठरलं. आता ब्रेडला लावायचं काय? विकतची बाटली मी घरात येऊ देत नाही. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचणारी बाई मी! बी.एस्सी. झालेली! पोरीला जरा शिंक आली तरी थर्मामीटर शोधणारी.

म्हणून घरचं. आदल्या दिवशीचं दही फडक्यात बांधून टांगलेलं. चक्का असा घट्ट, की चमचा उभा राहावा. त्यात किसलेलं गाजर, कोचवलेली काकडी, बारीक चिरलेली ढोबळी मिरची, थोडं जिरं-मिरची वाटून, मीठ. झालं! — पण काकडी पिळायची राहिली. दहा मिनिटांत पाणी सुटलं. असं ब्रेडला लावलं, तर लगदाच.

मग आपण काय करतो? बायकांनो, माना खाली घालू नका, सांगा. कूट! कोशिंबीर पाणचट झाली, कूट. भाजी सैल पडली, कूट. हात आपला आपण डब्याकडे जातो. दोन चमचे घातले आणि सगळं छान मिळून आलं.

नीलांबरी रेवाला सोडायला आली. दारातच तिने विचारलं, यात दाणे नाहीत ना?

“नाहीत गं,” मी म्हटलं. “नुसतं दही आणि भाज्या.”

आणि मी खोटं बोलत नव्हते, हेच तर भयंकर! दाणे म्हणजे वाटीत दिसतात ते. कूट म्हणजे दाणेच, हे आपल्या मनात येतच नाही. मिठासारखं झालंय ते.

नीलांबरी चहाला टेकली. रेवाने दुसरा घास घेतला आणि ओठ चोळायला लागली. मानेवर गांधी उठल्या. मग खोकला. मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज. नीलांबरीने स्कूटर काढली, पुढे चार्वी उभी, मागे मी, मांडीवर ती पोर. तिचे ओठ निळसर पडायला लागले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी बघताक्षणी मांडीत इंजेक्शन दिलं. हळूहळू शिट्टी थांबली.

मग डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? नीलांबरी म्हणाली, दाणे नव्हते, मी विचारून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, मग दुधाचंही वावडं निघालं की काय. आजपासून दूध-दही बंद करू आणि तपासून बघू. ते लिहायलाही लागले.

मंडळी, तोपर्यंत मला आठवलं होतं. चमचा डोळ्यांसमोर आला होता. आणि मी गप्प बसले! राग येतोय? येऊ द्या. मलाही येतो.

बोलली ती चार्वी. “आई, मी तुला कुटाचा डबा काढून दिला ना?”

नीलांबरी ओरडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “मी विचारलं होतं ताई.”

माझं पाप मी सांगितलं. आता तुमचं. कारण हे कळल्यावर कॉलनीत काय बोललं गेलं? रोज चिमूटभर द्या, सवय होते! — कसली सवय? गुदमरायची? आमच्या वेळी असलं काही नव्हतं! — काकू, तुमच्या वेळी जी पोरं हातची गेली, त्यांनी काय खाल्लं होतं हे कुणी विचारलं होतं? आणि याच सभामंडपात, दाण्याचा लाडू त्या पोरीच्या हातावर ठेवत कुणीतरी म्हणालं, देवाचा प्रसाद बाधत नाही. देवावर ढकलू नका! देवाने त्या पोरीला आई दिली आहे, आणि त्या आईला तोंड दिलं आहे. ती सांगते ते ऐकायचं काम तुमचं-माझं आहे.

लाडू नीलांबरीने तिथल्या तिथे काढून घेतला आणि ती उठून गेली. त्याला आज तीन गुरुवार झाले. मायलेकी इथे फिरकलेल्या नाहीत. रेवा शाळेच्या रिक्षातही दिसत नाही. मी दोनदा दार वाजवलं. उघडलं नाही. मला उघडू नये, बरोबरच आहे.

तुम्हाला उघडतील. आरती झाली की कुणीतरी जा. जिन्याच्या डाव्या हाताचं दार. खायला काही नेऊ नका. पोर कशी आहे, एवढंच विचारा, आणि काय ते मला येऊन सांगा. मी इथेच बसून आहे.