चारच टक्के

नाही नाही, घाई काहीच नाही, हाफिजभाई, हातातलं होऊ द्या आधी — माझी काय, एक पँट, दोन बोटं वर घ्यायची, उद्या दिलीत तरी चालेल. बसतो मी इथे स्टुलावर. वसुंधरा म्हणाली, पँट महिनाभर कपाटात लोळतेय, आजच कशी आठवली — आता बायकोला काय सांगणार, आठवली. माझीच घेतलीत का आधी? अहो, कशाला... बरं. तुमच्या अरीबचा फोन आला होता का हो? नाही, सहज विचारतोय. आज शनिवार ना, शनिवारी त्यांच्या कंपनीची लाँच सुटते, नदीतून राजधानीकडे जाणारी, म्हणून मनात आलं. तिकडे आत्ता सकाळ असेल. चालू द्या, चालू द्या, मशीन थांबवू नका. तो आवाज बरा वाटतो मला.

बातम्या नाही ना बघितल्यात आज? बरं केलंत. टीव्हीवाल्यांना रोजच युद्ध हवं असतं, वर्षभर मी तुम्हाला तेच सांगतोय. त्या देशांची नावं तुमच्या जिभेवर बसेनात म्हणून आपण थोरला आणि धाकटा म्हणायला लागलो — थोरला म्हणतो, नदीपलीकडचा प्रांत मुळात आमचा. धाकटा म्हणतो, येऊन तर बघ — आणि नेमका त्याच प्रांतात, नदीकाठच्या तेल कंपनीच्या गोदामात आपला अरीब. इथली द्रोणागिरीची नोकरी सोडून निघाला, तेव्हा जमिलाभाभी मलाच विचारायला आल्या होत्या, ईदच्या दिवशी, तुमच्या घरचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन. ‘विनायकभाऊ, तुम्ही भविष्य सांगता ना, तिथे लढाई होईल का?’ म्हटलं, भविष्य नाही हो भाभी, अंदाज. ती परदेशातली साइट आहे, जगभरातले लोक तिथे आकडे टाकतात — थोरला या वर्षात तो प्रांत गिळायला बघेल का, किती टक्के शक्यता — आकडा जवळ आला की गुण, लांब गेला की कपात. बक्षीस-बिक्षीस काही नाही, नुसता नंबर. पण माझा नंबर चांगला आहे हो. सोसायटीतली पोरं टक्केवाले काका म्हणतात मला, नव्या माणसाला वाटतं, मी कुठल्या तरी मलईच्या खात्यातून रिटायर झालोय. तर भाभींना मी अगदी छातीठोकपणे सांगितलं, चार टक्के. चारच. त्या म्हणाल्या, म्हणजे नाही ना? आणि मी म्हणालो, नाहीच समजा.

आता चार म्हणजे नाही नव्हे, हे मला कळत नाही का? कळतं. पण डबा हातात घेऊन कोण समजावत बसतो. आणि चूक नव्हता तो आकडा, हाफिजभाई, तेव्हाचा नव्हता. थोरल्यानं नवे नकाशे छापले — मी चारवर. शाळेच्या पुस्तकात तो प्रांत आपल्या रंगात रंगवला — मी चारवर. नदीकाठी रणगाडे आणून सराव सुरू केला, तेव्हा गच्चीवर सोसायटीतला तो स्वानंद मला चिडवायला लागला, काका, आता तरी वाढवा! मी म्हटलं, अरे, निवडणूक आली की थोरल्याच्या अंगात येतंच, उतरेल. उतरलंही. दरवेळी मीच बरोबर. त्यानंच घात केला माझा. खरं तर आम्ही लोक रणगाडे बघतच नाही — आम्ही बघतो रक्त. खरंच. सरावाला सैन्य तोफा नेतं, तंबू नेतं, स्वयंपाकी नेतं, पण रक्ताच्या पिशव्या नेत नाही. नासतात त्या, सरावासाठी कोण नासवेल? त्या नेल्या, की मग... आणि थोरल्यानं नेल्या. तिथल्याच कुणीतरी फोटो टाकला होता, नदीकाठी तंबूतला दवाखाना आणि बाहेर रक्तपेढीच्या गाड्यांची रांग. तिथल्या तिथे आकडा बदलला, पस्तीस केला.

थांबलात का? शिवा ना. पस्तीस म्हणजे होणारच असं नाही, अजूनही न होण्याचीच जास्त... हो. पस्तीस. केव्हा केला? झाले थोडे दिवस. मागच्या आठवड्यात, गुरुवारी. असं बघू नका हो माझ्याकडे. ठाऊक आहे मला, अरीबचा फोन दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी होता. तुम्हीच फोन घेऊन वर आलात, माझ्या शेजारी उभे होतात चष्मा पुसत, आणि तो विचारत होता, काका, उद्याच्या लाँचला नाव लावू का, दोघं-तिघं निघालेत — आणि मी म्हणालो, अरे, कशाला, चारच टक्के, कॉन्ट्रॅक्ट पुरं कर, मग ये आणि महेकशी थाटात लग्न कर. हसलो पण वर. त्या साइटवर कोण कुठले लोक, त्यांच्यासाठी पस्तीस — आणि तुमच्या पोराला चार.

का म्हणजे? आठ दिवस तेच विचारतोय स्वतःला. नंबर जाईल म्हणून? नाही हो, नंबरासाठी तर पस्तीस केलेच होते. मला वाटलं, मी निघ म्हणालो आणि तो कॉन्ट्रॅक्ट मोडून आला आणि तिकडे काहीच झालं नाही, तर? नोकरी गेली, लग्न लांबलं, बोट माझ्याकडे — टक्केवाल्या काकांनी पोराचं वाटोळं केलं. आणि तो थांबला आणि काही झालं, तर दोष थोरल्याचा. सगळं जगच चुकलं, मी एकटा कुठे? एवढाच हिशेब केला मी, हाफिजभाई. तुमच्या पोरावर. लाज वाटते मला. तुमच्या दुकानावरून जाताना रोज फोन कानाला लावतो, तुम्ही हाक मारू नये म्हणून. फोनवर कुणी नसतं.

लावा. लावा फोन, आत्ताच लावा, लाँच सुटायला वेळ आहे अजून. रिंग जातेय? उचल रे बाबा... उचलला? हुश्श. सांगा त्याला, निघ म्हणावं, कपडे राहिले तर राहू देत. मला? माझ्याशी बोलायचंय? द्या, द्या इकडे — हॅलो, अरीब, हो, काकाच. ऐक, टक्के सोड, बॅग उचल आणि आजच्या लाँचला... काय? अरे, पण शनिवार आहे ना आज? नदी बंद? कधीपासून? म्हणजे गेल्या शनिवारचीच शेवटची... मग रस्त्यानं — हो, रस्ता कुठला, जंगलच आहे नुसतं. घरी का नाही सांगितलंस रे? नाही, रागावत नाहीये मी. काय म्हणतोस? नाही रे बाळा, ते — थांब, थांब जरा.

हाफिजभाई, तो म्हणतोय, अब्बूंचा आवाज घाबरलेला वाटतोय. म्हणतोय, काका, तुमचं ऐकतात ते, तुम्ही समजवा त्यांना — चारच टक्के आहेत.

मी काय सांगू त्याला? काय सांगू? तुम्हीच घ्या फोन.

पँट? अहो, पँट राहू द्या आता, एकच पाय शिवून झालाय, दुसरा... तशीच नेऊ?

बरं. जातो.