एकशे अडुसष्टचा बाप

...नाही म्हणजे नाही! माझ्या पोरीला सुई टोचू देणार नाही! आता तुम्हीच सांगा, दहा वर्षांची पोर, दोन वाट्या भात चापते, वर किमची मागून घेते, आणि आमच्या सासूबाई देगूहून फोन करून रडतात काय, "जावईबापू, आपली सोदाम वर्गात सगळ्यांत बुटकी हो!" अहो, असेना! पण सोलमधल्या आमच्या इमारतीत निम्म्या पोरांना वाढीचं इंजेक्शन चालू, बायका लिफ्टमध्ये जेवलात का विचारायचं सोडून विचारतात, "तुमची किती सेंटिमीटर झाली?"... झालं, बायकोनं दवाखान्यात नेलंच!

डॉक्टर मात्र भला माणूस. म्हणाला, "हॉर्मोन कमी असतं तर मीच आग्रह केला असता. हिचं ठीक आहे. तरी द्यायचं तर रोज सुई, काही वर्षं, वाढली तर चारेक सेंटिमीटर, तेही नक्की नाही. कधी डोकं दुखतं, कधी सांधे, रक्तातली साखर तपासत राहायची. बरं, आईबापाच्या उंचीवरून अंदाज काढू. बाबांची किती?"

मी ठणकावून सांगितलं, "एकशे अडुसष्ट!"

आकडेमोड झाली. पोर एकशे पंचावन्नच्या पुढे जाईल म्हणाला. बायको विरघळली, "मग राहू दे इंजेक्शन." जिंकलो की हो! नाही म्हणजे नाही!

तेवढ्यात ती नर्स... "साहेब, बूट काढून इथे उभे राहता?"

तुम्हाला सांगतो, खाली बसून जेवायच्या हॉटेलात मी वीस वर्षं गेलो नाही, का? तर बूट काढावे लागतात! ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय, गुडघे दुखतात! आणि इथे बूट काढले, तर उंची वाढवायला आत घातलेल्या दोन्ही जाड टाचा मोज्यांबरोबर बाहेर! एकशे एकसष्ट! डॉक्टरनं पोरीचा अंदाज खोडला आणि लिहिलं, एकशे बावन्न.

बायको फुत्कारली, "घरी अनवाणी फिरता, मला काय डोळे नाहीत? पण निदान पासष्ट तरी धरले होते हो मी! द्या इंजेक्शन!"

"नाही म्हणजे नाही!" मी ओरडलो. "उंचीनं काय होतं? माझं काय अडलं?"

तर सोदामनं ती टाच उचलली, उलटीसुलटी करून बघितली, आणि इतक्या साध्या आवाजात विचारलं, "मग बाबा, हे कशाला घालता?"

तिथल्या तिथे दोन्ही टाचा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या! पोर म्हणाली, "बाबा असेच राहणार असतील तर मलाही सुई नको." विषय संपला!

तेव्हापासून बघा, ताठ मानेनं फिरतोय! पँट जमिनीवर लोळतेय, ऑफिसातले साहेब विचारतात, "तब्येत बरी नाही का?" सासूबाई म्हणतात, "तिला नको तर जावईबापूंना टोचा!" टोचा म्हणे! नाही म्हणजे नाही!

...आता तुमच्यापासून काय लपवायचं. केला मी डॉक्टरला फोन. म्हणाला, "साहेब, तुमची हाडं वाढायची कधीच थांबली."