अगदी पायापासून

…नाही, पण तुम्हीच सांगा, पृथ्वी कशी तयार झाली हे सांगितल्याशिवाय इतिहास सुरू करायचा तरी कुठून? मधूनच? कुठल्या तरी राजापासून? आणि पोरीने विचारलं, "बाबा, या राजाच्या आधी कोण होतं?" तर काय सांगू, त्याचा बाप? आणि त्याच्या आधी? त्याचा बाप! असं मागे मागे जात शेवटी पृथ्वीपाशीच यायचं असेल, तर तिथूनच निघालेलं काय वाईट? पण आमच्या घरात हे कुणाला पटेल तर शपथ! बायको म्हणते, "अहो, पोरगी दुसरीतली आहे, पृथ्वी थंड होईपर्यंत तिला ताटकळत ठेवणार का?" आता हिला कोण समजावणार… पाया पक्का हवा हो, पाया!

तुम्हाला सांगतो, मी काही शिक्षक नाही. मी मुद्रितं तपासतो. म्हणजे लोक पुस्तकं लिहितात, मी घरी बसून त्यांच्या चुका काढतो आणि वर त्याचे पैसे घेतो. बायको म्हणते, "घरच्यांच्या चुका फुकट काढता, तेवढी सवलत आहे." असो. तर एकदा एक पुस्तक आलं, जुन्या वळणाच्या शिक्षणावरचं. खरं म्हणजे तपासताना वाचायचं नसतं, नुसती अक्षरं बघायची असतात, वाचलं की चुका निसटतात. पण मी वाचलं! त्यात म्हटलं होतं, लहान मुलांकडून भरपूर पाठ करून घ्या, चांगलं तेच ऐकवा, चांगलं तेच उतरवून घ्या, इतिहास पहिल्यापासून क्रमाने सांगा, आणि मूल जे ऐकेल ते त्याच्याच तोंडून परत ऐका. आणि शेवटी एक ओळ, घाई करू नका. ती ओळ वाचली आणि माझ्यासमोर आमची भिंगरी उभी राहिली.

भिंगरी म्हणजे आमची लेक. घरात नुसती गरगरत असते म्हणून भिंगरी. पण शाळेची वेळ झाली की हीच भिंगरी पोट धरून कोपऱ्यात बसायची. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, वाजवलं, जीभ बघितली, म्हणाले, "कधी दुखतं गं?" ती म्हणाली, "दप्तर दिसलं की." डॉक्टर म्हणाले, "याच्यावर माझ्याकडे गोळी नाही." बरं, शाळेत होतं तरी काय, मारतात का, रागावतात का? तर नाही. "तिथे ना बाबा, सगळं अर्धंच राहतं," एवढंच म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत जाऊन बोलायचं होतं. बोललो असतो हो! पण त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या थोरल्या मेहुणीबाई. बायकोची सख्खी बहीण. आमच्या सासरी कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाच्या घराला कुठला रंग, सगळ्याचा शेवटचा निकाल त्यांच्याकडे लागतो. तेव्हा मी बायकोला म्हटलं, पोरीला मीच शिकवतो घरी, जुन्या वळणाने, सगळे विषय, अगदी पायापासून. बायको म्हणाली, "सुट्टीत करून बघा. सुट्टी संपता संपता ताई येऊन परीक्षा घेईल. तिला पटलं तर घरी शिकवा, नाही पटलं तर पोरगी मुकाट्याने शाळेत." म्हणजे ज्या शाळेमुळे पोट दुखतं, त्याच शाळेच्या बाईंनी सांगायचं की शाळा नको! काय न्याय आहे बघा. पण मान्य केलं. करतो काय?

मग मी आखणीला बसलो. भिंतीवर हा एवढा कागद लावला, विषयांचे रकाने पाडले आणि प्रत्येक विषय मुळाशी नेला. भूगोल घेतला तो घरापासून. आधी घर, मग जिना, मग गल्ली, मग जग. भिंगरीने पावलांनी खोल्या मोजल्या, झकास नकाशा काढला, आणि माझ्या टेबलाच्या जागी लिहिलं, 'ओसाड प्रदेश, इथे कोणी राहत नाही.' पण पुढे जिना आला. आता चढण कागदावर कशी दाखवायची? ते मलाच येईना! ते मी शिकेपर्यंत भूगोल दारातच थांबला. विज्ञानात एकच वस्तू घ्यायची आणि रोज निरखायची. आम्ही बटाटा घेतला. खिडकीत ठेवला, रोज चित्र काढलं, त्याला इवलासा कोंब फुटला, काय आनंद झाला पोरीला! आणि एका सकाळी बटाटा गायब. बायको म्हणाली, "एकच कमी पडत होता." गेलं विज्ञान भाजीत!

व्याकरणात पहिलं नाम. घरातल्या प्रत्येक वस्तूवर 'नाम' अशी चिठ्ठी चिकटवायची. कपाट झालं, पंखा झाला, आरसा झाला, उत्साहाच्या भरात पोरीने एक माझ्या पाठीवर लावली आणि मी तसाच दूध आणायला गेलो. दुकानदार म्हणतो, "साहेब, चिठ्ठी लावलीत, पण किंमत घालायची राहिली." हसा, हसा! सगळे हसले. गणितात मी पाढे लगेच सुरू केले नाहीत. आधी आकडा म्हणजे काय ते नको का कळायला? घरातली सगळी बटणं काढली, आठ-आठचे ढीग लावले, माझे दोन सदरे त्यात बिनबटणाचे झाले. बायको म्हणाली, "पोरीचा पाया पक्का होईस्तोवर तुम्हाला उघड्या छातीनं फिरावं लागणार." फिरीन! पण पाया पक्का हवा हो, पाया!

एक विषय मात्र असा जमला म्हणता… कथन! मी रोज एक उतारा वाचायचा, एकदाच. मग भिंगरीने हात मागे बांधून उभं राहायचं आणि तो सांगायचा. पहिल्यापासून, क्रमाने, गाळायचं काही नाही, पदरचं घालायचं काही नाही, आणि ती सांगत असताना कुणीही मधे बोलायचं नाही. घरातलं घड्याळसुद्धा मी कपाटात टाकलं. पहिल्या दिवशी दोन वाक्यं सांगून पोरगी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाली, "आता तुम्ही पण शाळेतल्यासारखं 'बस, बस खाली' म्हणाल ना?" मी म्हटलं, "नाही गं, सांग." मग जी सुटली! सुट्टीच्या शेवटी शेवटी तर पानच्या पान सांगायची, लेखकाच्या चुकांसकट.

आणि उगवला तो परीक्षेचा रविवार. मेहुणीबाई आल्या, थेट माझ्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला. "काय भावोजी, कुठवर आलंय?"

म्हटलं, "इतिहास आगीपर्यंत आलाय."

"कुठल्या आगीपर्यंत?"

"माणसाला सापडली ती."

"सापडली का?"

"परवाच सापडली."

"बरं. भूगोल?"

"दारापर्यंत."

"विज्ञान?"

यावर मी काही बोलायच्या आत बायको आतून ओरडली, "खाल्लं!"

मेहुणीबाईंनी भिंगरीकडे बघितलं. "आठ त्रिक किती गं?" भिंगरी म्हणाली, "मावशी, आधी आठ म्हणजे काय ते दाखवू? बटणं आणते." मेहुणीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं काही बघितलं की मी समजलो! पोरगी शाळेत चालली, पुन्हा पोट, पुन्हा कोपरा… मी घाईघाईने म्हटलं, "ताई, कथन बघा! एक उतारा वाचतो, ती सांगेल." त्या म्हणाल्या, "तुमचे घोटवलेले उतारे नकोत. भिंगरी, आज एकदाच ऐकलेलं काहीतरी सांग मला. तुझं तू निवड."

भिंगरीने हात मागे बांधले. घसा साफ केला.

"आज सकाळी. स्वयंपाकघर. माणसं दोन. आई आणि बाबा."

मी खोकलो. हो, चांगला जोरात खोकलो! तर ही म्हणते, "बाबा, मधे बोलायचं नाही." माझाच नियम!

"बाबा म्हणाले, आज तुझ्या महाराणींची स्वारी येणार. आई म्हणाली, हळू बोला, पोरगी ऐकेल. बाबा म्हणाले, पुस्तकाबाहेरचं एक अक्षर विचारणार नाहीत त्या, पुस्तकाबाहेर कधी गेल्याच नाहीत. इथे आई हसली. मग बशी पुसता पुसता पुन्हा हसली…"

दारात बायको उभी, तोंडाचा आ. मेहुणीबाई ढिम्म. आणि भिंगरी आपली एका लयीत पुढे…

"मग आई हसायची थांबली. आई म्हणाली, मी तुमची चेष्टा करते, पण खरं सांगू का, गेल्या सुट्टीत नुसतं दप्तर काढलं तरी पोरगी पोट धरायची. या सुट्टीत रोज अभ्यासाला बसते आणि एकदाही धरलं नाही. ताईने नापास केलं तर काय करायचं हो? मग बाबांनी रिकाम्या कपातून चहा प्यायला. संपलं."

मेहुणीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "अगं, माझ्या शाळेत पोट दुखायचं तुझं? मग मला का नाही सांगितलंस?"

भिंगरी म्हणाली, "सांगायला आले होते मावशी. तुमच्या खोलीत. पण घंटा झाली."

मला वाटलं, जिंकलो! पोरगी घरी! पण त्या मेहुणीबाई आहेत हो. उठल्या, चष्मा लावला, म्हणाल्या, "भावोजी, मी पुस्तकाबाहेर जात नाही, नाही का? ठीक आहे. जाऊ या बाहेर. शाळा उघडली की भिंगरीच्या वर्गावर, म्हणजे तिसरीवर, रोज पहिला तास तुमचा. तुम्ही वाचायचं, मुलांनी सांगायचं. एकट्या भिंगरीचंच पोट दुखत असेल असं नाही."

मी म्हटलं, "पण ताई, घंटा…"

"घंटा होणार. शाळा आहे ती. पण अर्धं राहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करेल, हे मी बघेन."

"आणि माझी आखणी? सगळे विषय? पाया…"

"आणा की! फक्त पृथ्वी थंड करून आणा."

सख्ख्या बहिणी, दुसरं काय!

तर काल पहिला दिवस झाला. शाळेतला तास अर्ध्या तासाचा असतो हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! हजेरी घेतली, उतारा वाचला, विचारलं, "कोण सांगणार?" चाळीस हात वर! आणि भिंगरीने आधीच सगळ्यांना पढवून ठेवलेलं, घरी ऐकलेलं सांगायचं, उतारा कोण विचारतो! पहिलंच पोरगं उठलं, हात मागे बांधले, "आज सकाळी. स्वयंपाकघर. माणसं तीन. आई, बाबा आणि काका. काका म्हणाले…" मी म्हटलं, "बस, बस खाली!" म्हटलं हो, मीच म्हटलं! आणि खोटं कशाला बोलू, घंटा कधी होते म्हणून मी दाराकडे बघत होतो.

आज सकाळी डोळे उघडले, तर पोटात दुखतंय. कुणाच्या? माझ्या! पिशवी दिसली आणि कळ आली. भिंगरी कधीच तयार, दारात उभी. पाया पक्का हवा, पाया, असं ज्या घरात सुट्टीभर घोकलं त्या घरातला पाया हा असा अंथरुणात! पोरगी जवळ आली, माझ्या कपाळावर हात ठेवला, म्हणाली, "बाबा, काय होतंय ते नीट सांगा. पहिल्यापासून, क्रमाने. मी मधे बोलणार नाही." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी उठून बसलो, घसा साफ केला, म्हटलं, "काल सकाळी. वर्ग. माणसं एकेचाळीस…" आणि खाली शाळेच्या गाडीचा भोंगा वाजला.

भिंगरीने माझी पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, "चला बाबा. शाळा आहे ती."