तीस सेकंदांची घंटी

फुकट! फुकट म्हणे! तुम्हाला सांगतो, फुकटच्या वस्तूइतकी दमवणारी वस्तू दुसरी नाही, कारण विकत घेतलेल्या वस्तूवर निदान चिडता तरी येतं, दुकानात जाऊन ती टेबलावर आपटून 'हे काय दिलंत?' असं विचारता येतं, फुकटच्या वस्तूवर चिडायचं तर कोणावर? मोबाइलच्या दुकानातला तो माणूस, वर न बघता, दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनचं पोट उघडून त्यात चिमटा घालत मला म्हणाला, "काका, त्यात काय एवढं? आपली रिंगटोन आपण बनवायची. दोन मिनिटांचं काम. फुकट!" दोन मिनिटं! अहो, अख्खा रविवार गेला माझा. सकाळी आंघोळ करून बसलो तो संध्याकाळी मान अशी वाकडी घेऊन उठलो... आणि पैसा म्हणाल तर एक लागला नाही हं, सगळं फुकट!

आता तुम्ही विचाराल, या वयात ही हौस कशाला? फोनमध्ये आधीच चाळीस घंट्या भरलेल्या असतात, बासरी आहे, बेडूक आहे, एक तर हुबेहूब आगीच्या बंबासारखी आहे, घ्या की त्यातली एक. मान्य! मीसुद्धा इतकी वर्षं साध्या ट्रिंग ट्रिंगवरच काढली. माझं काम लिफ्ट दुरुस्तीचं, म्हणजे फोन वाजला की कुठेतरी कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळतंय एवढं नक्की, आणि अशा बातमीला बासरी कसली लावायची?

पण झालं काय, जुना फोन मरायला टेकला. आणि त्या फोनमध्ये माझ्या बायकोचा एक निरोप होता, आवाजी, एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांचा. ती जाऊन आता दोन वर्षं होतील... नाही, नाही, चेहरे पाडू नका, मी काही रडवायला उभा नाही, मी रिंगटोनची तक्रार सांगतोय. तर हा निरोप त्याच्याही आधीचा. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेलो, फोन वर पिशवीत, तिने अकरा वेळा लावला, मी एकदाही उचलला नाही, मग तिने बोलूनच ठेवलं. तोंडपाठ आहे मला, ऐका:

"अहो... हे चालू झालं का? हां. अहो, किती वेळा करतेय, उचलत का नाही? फोन काय शोभेला दिलाय तुम्हाला? ऐका, मी कचरा टाकायला बाहेर आले आणि मागे दार लागलं. किल्ली आत. दूध गॅसवर... नाही, गॅस बंद केलाय मी. बहुतेक. वरच्या मास्तरांनी स्टूल दिलंय, जिन्यात बसलेय राणीसारखी... नको हो मास्तर, चहा नको... बरं, अर्धा द्या. अहो, घाई करू नका, पण लवकर या."

आता मला सांगा, घाई करू नका पण लवकर या, म्हणजे माणसाने नक्की यायचं कसं? सव्वीस वर्षं मी याच वेगाने चालत आलोय.

तर दुकानदाराने निरोप नव्या फोनात टाकला आणि म्हणाला, "काका, एवढं जपताय तर रिंगटोनच करून टाका ना, रोज कानावर पडेल." आणि ते शब्द डोक्यात जे शिरले ते शिरलेच. अहो, आपण बटण दाबून ऐकलं की तिला आपणच बोलावलेलं असतं. फोन वाजला तर तिने आपल्याला बोलावलेलं असेल. एवढंच हवं होतं मला. आणि तेही फुकट!

रविवारी बसलो. ते रिंगटोनचं ॲप उघडलं तर आधी जाहिरात. केस गळताहेत का? माझे केस गळून संपले, आता जाहिरात बघून काय उगवणार आहेत? ती बंद करायची फुली मोहरीएवढी, माझा अंगठा हा असा, आयुष्यभर पाना धरलेला. फुलीवर दाबायला जावं तर जाहिरातच उघडते, आणि मग केस गळतीच्या दुकानातून बाहेर यायला आणखी तीन फुल्या! पुढे तलवारबाजीचा खेळ, मग मिक्सर, मग परत केस. त्यांना माझ्या डोक्याची इतकी काळजी का, कळेना.

शेवटी एकदाचा तिचा आवाज पडद्यावर आला. दिसतो हो आवाज, डोंगरासारखा दिसतो! मोठ्याने बोलली तिथे सुळके, थांबली तिथे पठार, आणि 'राणीसारखी' म्हणून हसली ना, तिथे एकदम पाचसहा टेकड्या, एकीला एक लागून. मी नुसता बघतच बसलो. सव्वीस वर्षांत तिचं हसणं ऐकलं होतं, पण त्याचा आकार कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात परत मिक्सर!

आणि खाली सूचना: रिंगटोन फक्त तीस सेकंदांची. आता करा! एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांच्या बायकोतून तीस सेकंद निवडा! 'अहो'पासून धरावं तर चहापर्यंतच पोचत नाही. चहापासून धरावं तर 'अहो' जातं. 'अहो' कसं सोडणार? नुसतं 'लवकर या' घेतलं तर दरवेळी कोणीतरी सिरियस असल्यासारखं वाटतं. मग मधली मास्तरांची स्टुलाची हकीकत कापली, तर हसूही गेलं, ते परत आणलं, तर दूध उतू गेलं... म्हणजे तीस सेकंदांबाहेर गेलं. दुपारचं जेवण राहिलं. पाठ धरली. अखेर मधली पठारं छाटून पहिलं 'अहो' ते हसणं एवढं बसवलं, अगदी मोजून. 'लवकर या' नाही मावलं.

'सेव्ह' दाबलं, वाजवून बघतो तर काय, सुरुवातीला भलतीच बाई! परकी, तरतरीत, लाडिक आवाज, "हॅलोऽऽ!" म्हणते आणि ॲपचं नाव सांगते, आणि मग मागून आमची: "अहो, उचलत का नाही?" अहो, त्या दोघींना एका फोनमध्ये नांदवायचं म्हणजे... आमची हयात असती तर पहिला प्रश्न आला असता, 'ही कोण?' त्या बाईला काढायचं तर म्हणे पैसे भरा. बघा! बाई फुकट, पण बाई काढायला पैसे!

मीही काही कच्चा नाही, लिफ्टचा माणूस आहे. दुसरं फुकट ॲप उतरवलं, त्यात ती बाई कापली. तर या दुसऱ्याने शेवटी स्वतःचा बँड जोडला, ढँडढँड! बँड काढायला परत पहिल्यात गेलो, तर बाई परत दारात उभी, "हॅलोऽऽ!" तीन फेऱ्या झाल्या माझ्या, बाई-बँड, बाई-बँड, आणि दरवेळी मध्ये केसगळती. मग डोक्यात उजेड पडला: बँड शेवटी आहे ना, राहू दे! फोन तीस सेकंद वाजतो, बँड एकतिसाव्याला येतो. त्याची पाळीच यायची नाही. संध्याकाळी सहा वाजता माझ्या फोनमध्ये माझी बायको सुखरूप बसली. फुकट!

सोमवारी कामावर गेलो. साडेदहाला पिशवीतून आवाज: "अहो... हे चालू झालं का?" तुम्हाला सांगतो, हातातला पाना खाली पडला. आणि मी... आता हसू नका... मी फोन उचललाच नाही. उचलू कसा? उचलला की ती गप्प! हिरवं बटण दाबलं की तिचं वाक्य अर्धवट तोडून मध्ये आमचे साहेब बोलायला लागणार! जन्मभर ती म्हणायची, 'माझं बोलणं मध्येच तोडू नका,' आणि आता कुठे मला ते जमायला लागलं होतं.

परत वाजला. परत ऐकला. "फोन काय शोभेला दिलाय तुम्हाला?" म्हटलं, बोल, बोल तू. तिसऱ्यांदा वाजला. तिकडे एका इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये एक वकीलबाई अडकलेल्या. जगात एवढी माणसं असताना लिफ्टने अडकवावं ते वकिलाला! पाऊण तास! बाहेर आल्या त्या कायद्याची कलमं म्हणतच बाहेर आल्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, "कुठे होतात?" म्हटलं, "इथेच." "फोन कुठे होता?" "हातात." "मग उचलला का नाही?" काय सांगणार? ऐकत होतो म्हणू? साहेब म्हणाले, "हे बघा, परत असं झालं ना, तर सरळ गोदामात बसवीन, नटबोल्ट मोजत." नोकरी धोक्यात आणली हो तिने. फुकटात!

आणि मंगळवारी घरी. स्वयंपाकघरात कणीक भिजवत बसलेलो, हात भरलेले, समोर ओट्यावर फोन बोलायला लागला. मुलीचा होता. परगावी असते ती. मी म्हटलं, पूर्ण होऊ दे, मग करतो. संपला. परत लागला. परत ऐकला. पाचदा! मला वाटलं, आज काय भाग्य आहे! पंधराव्या मिनिटाला दारावर धाड धाड धाड. वरचे मास्तर! पायजम्यावर, हातात माझ्या घराची जादा किल्ली, ओरडताहेत, "अहो, आहात का? अहो, ठीक आहात ना?" मी दार उघडलं, कोपरापर्यंत कणीक. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाले, "तुमच्या मुलीने रडून मला धावत पाठवलंय आणि तुम्ही पोळ्या करताय?" आणि तेवढ्यात ओट्यावरून, अगदी खणखणीत: "वरच्या मास्तरांनी स्टूल दिलंय, जिन्यात बसलेय राणीसारखी..."

मास्तर तिथेच उंबऱ्यावर थांबले. चष्मा काढला. पुसला. परत घातला. म्हणाले, "उचला आता, पोर घाबरलीय." आणि हळूच वर निघून गेले.

उचलला. मुलगी फुटलीच, "बाबा, उचलत का नाही? किती वेळा करतेय!" हुबेहूब हो! तोच सूर, तोच तोरा. मग तिला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, असं करा. मला आणि साहेबांना ट्रिंग ट्रिंग लावा. आमचे फोन उचलायचे असतात. आईचा आवाज अशा कोणाला लावा, ज्याचा तुम्हाला उचलायचाच नाही." पोरगी कोणावर गेलीय, सांगायला नको. नंतर नाक ओढत म्हणाली, "आणि ते मलाही पाठवा. पूर्ण पाठवा, कापलेलं नको."

आता असा माणूस कोण? साहेब आठव्या सेकंदाला ठेवतात. लाइट बिलवाले मेसेज करतात. पूर्ण तीस सेकंद, न कंटाळता, घंटी वाजू देणारा माणूस सापडतो कुठे? आणि मग आठवलं. आहे! रोज सकाळी अकराला एक मुलगी फोन करते, कसल्याशा रिसॉर्टची: "सर, अभिनंदन! तीन दिवसांचा मुक्काम आपल्याला भेट! फक्त पतिपत्नी दोघांनी एकदा माहिती घ्यायला यायचंय." मी पूर्वी एकदा सांगितलं होतं तिला, "पत्नी नाही." तर म्हणाली, "हरकत नाही सर, मॅडम कधी असतील?" तेव्हापासून उचलणं बंद केलं होतं. पण चिकाटी काय, वा! पूर्ण वाजवते, शेवटपर्यंत. नंबर साठवला, आवाज जोडला. आठ दिवस सकाळी अकरा म्हणजे माझं असं... कुठेही असलो तरी पाना खाली ठेवायचा, स्टूल घ्यायचं, बसायचं. ऐकायचं. परत उठायचं. कोणाला त्रास नाही, वकील मोकळे, साहेब खूश. आणि फुकट!

नवव्या दिवशी अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. फोन नाही! रेंज बघितली, फोन बंद करून चालू केला, खड्ड्यातून वर आलो, गच्चीत गेलो. काही नाही. दहाव्या दिवशीही नाही. अहो, मी अस्वस्थ! पोरीला बरं नाही की काय? नोकरी सोडली? शेवटी मीच लावला. तिने उचलला, अगदी पहिल्याच घंटीला, शिका जरा. म्हटलं, "दोन दिवस फोन नाही तुमचा?" ती गोंधळली. "सर, तुम्ही उचलतच नाही, म्हणून यादीतून काढला नंबर." म्हटलं, "परत घाला." "उचलाल ना सर?" आता खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "नाही उचलणार, बाई. पण तुम्ही करत चला. आणि लगेच ठेवू नका, पूर्ण वाजू द्या." मग दबक्या आवाजात, "एक मिनिट हं सर," म्हणून कुणालातरी विचारून आली. "सर, आमच्याकडे एक दुसरी यादी आहे, ज्यांचं अजून ठरत नाहीये अशांची. पण त्या यादीला दिवसातून दोनदा फोन जातो. अकराला आणि पाचला. चालेल?"

काय करणार? चालेल म्हटलं. साहेबांना सांगून ठेवलंय, अकराला आणि पाचला मला पाच मिनिटं काही विचारायचं नाही, माझा फोन असतो. साहेब म्हणाले, "रोज? कोणाचा?"

म्हटलं, "घरून येतो."