काचेतलं पातेलं

बायको : …आणि वर स्वतःचंच पातेलं बघायला तिकीट काढावं लागलं मला!

पहारेकरी : हळू बोल. या वाड्यात आवाज घुमतो.

बायको : घुमू दे. महिनाभर सांगताय, कल्हईला टाकलंय. शेजारीण ही म्युझियमची पुस्तिका घेऊन आली, तर मुखपृष्ठावर माझं पातेलं! मखमलीवर बसलंय.

पहारेकरी : अगं, छत गळत होतं. थेंब थेट वाड्याच्या जुन्या मालकीणबाईंच्या पलंगावर. म्हणून घरून आणून खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. परत आलो तर वर काच.

बायको : आणि तुम्ही गप्प?

पहारेकरी : घरची वस्तू आत आणायला बंदी आहे. बोललो असतो तर नोकरीवर पाणी.

बायको : बायकोला फसवायला बंदी नाही वाटतं? आणि ही पाटी वाचा.

पहारेकरी : ‘मालकीणबाईंचे स्नानपात्र. यात त्या गुलाबपाणी घेत.’

बायको : गुलाबपाणी! जन्मभर बटाटे उकडलेत त्यात. आईची एवढी एकच वस्तू उरलीय माझ्याकडे. काढा बाहेर.

साहेब : काय चाललंय? बाई, काचेपासून जरा लांब.

पहारेकरी : साहेब, ही आमची मंडळी. म्युझियम बघायला आलीय.

बायको : बघायला नाही, न्यायला. पातेलं माझं आहे.

साहेब : वहिनी, असं पुष्कळ जण म्हणतात. परवा एक गृहस्थ झुंबरावर हक्क सांगत होते.

बायको : झुंबर कुणाचं का असेना. याच्या बुडाला पोचा आहे बघा. लहानपणी यात बसून मी जिन्यावरून घसरले होते.

साहेब : पण आम्ही तर छापलंय, बंडाच्या वेळी गोळी लागली म्हणून.

बायको : गोळी नाही. मी लागले.

(साहेब पहारेकऱ्याकडे बघतात. पहारेकरी छताकडे.)

साहेब : अरे, मोठ्या साहेबांनी याच्या शेजारी उभं राहून फोटो काढलाय! हे बटाट्याचं निघालं तर तू जाशील, आणि तुझ्या मागोमाग मी.

पहारेकरी : ऐक ना. तुला नवीन घेऊन देतो. याहून मोठं.

बायको : आणि त्यात आई कुठून आणाल?

साहेब : बरं, वहिनी. संध्याकाळी दारं लावली की काच उघडतो. न्या तुमचं पातेलं. माझं काय व्हायचं ते होईल… अहो आजोबा! हात नको तिथे! मौल्यवान वस्तू आहे ती!

बायको : त्यांना ओरडलात?

साहेब : मग? सगळ्यांनाच ओरडावं लागतं.

बायको : आई अशाच एका मोठ्या घरात भांडी घासायची. मागच्या दाराने आत, मागच्याच दाराने बाहेर. दिवाणखान्यात पाय टाकला, तर तिच्यावर असेच ओरडायचे.

पहारेकरी : मग संध्याकाळी मी घेऊन येऊ ना?

बायको : नको. असू दे इथेच. बटाटे तव्यावर परतीन. साहेब, फक्त ते गुलाबपाणी खोडा.

साहेब : खोडतो. पण मग पाटीवर लिहू काय?

बायको : खाली ‘हात लावू नये’ लिहिलंय ना? तेवढं राहू द्या.