डॉक्टरीणबाईंचा तो मंगळवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष श्रीयुत मागलिस. व्यासपीठावर विराजमान झालेले पाद्रीबाबा नोमिकोस. इस्पितळाचे नवे प्रमुख, ज्यांचं आडनाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर एरास्मिया व्लाहू, म्हणजे तुमच्याआमच्या डॉक्टरीणबाई. आणि समोर बसलेले कालिम्नोसचे कप्तान, पाणबुडे, त्यांच्या बायका, त्यांच्या विधवा, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, तुम्हां सर्वांना या साकेलारिसचा नमस्कार.

पाणबुड्यांच्या संघटनेतर्फे मला पाच मिनिटं दिली आहेत. नगराध्यक्ष आत्तापासूनच घड्याळाकडे बघताहेत. साहेब, घड्याळ खिशात ठेवा. आज मला जास्त वेळ लागणार. उद्या सकाळच्या बोटीने बाई अथेन्सला जाणार आणि मग या भाषणाला काही अर्थ उरणार नाही.

माझ्याआधी बोललेल्यांनी बाईंचे गुण सांगितले. पंधरा वर्षं या बेटावर राहिल्या, मासळी बाजारात घासाघीस शिकल्या, आपल्या शिव्याही शिकल्या. सगळं खरं. पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. आपण या बाईंना पाठीमागे काय म्हणत आलो? भोकं पाडणारी बाई. म्हणत आलो की नाही? आता माना खाली घालू नका. ते नाव कसं पडलं, ते सांगायला मी उभा आहे.

एकोणसत्तर सालचा कार्निव्हल. बाई नुकत्याच आल्या होत्या. चौकात आपला पाणबुड्याचा नाच चालला होता, पाण्याने पाय गेलेल्या गड्याची नक्कल. पुढचा गडी हातात काठी घेऊन लंगडतो, पाय थरथरवतो, पडता पडता सावरतो आणि मागची रांग त्याला धरून ठेवते. त्या वर्षी पुढे होता माझा धाकटा भाऊ स्केव्होस. वय एकतीस. पस्तीस वाव खाली जाऊन, दुसऱ्यांना दिसायचाही नाही असा स्पंज काढून आणणारा. असा लंगडत होता की म्हाताऱ्या रडत होत्या, आणि मी टाळ्या पिटत होतो.

बाई शेजारी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कप्तान, हा दरवर्षी पुढे असतो का?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "तीन वर्षं झाली. दुसऱ्या कोणाला काठी घेऊच देत नाही."

"म्हणजे तीन वर्षं दुखतंय त्याला," बाई म्हणाल्या. "बाकीचे दोन्ही पाय थरथरवतात. हा उजव्यावर भारच टाकत नाही. ताल चुकला तरी टाकत नाही."

कळतंय का तुम्हांला? वर्षभर हा माणूस दात आवळून सरळ चालायचा. लंगडा पाणबुड्या कोणता कप्तान घेणार? मनासारखं लंगडायला त्याला वर्षात एकच दिवस मिळायचा आणि त्या दिवशी आम्ही त्याला शाबासकी द्यायचो. मी सात हंगाम त्याच्या शेजारी झोपलो. मला दिसलं नाही. येऊन महिना न झालेल्या बाईला दिसलं.

त्याला इस्पितळात न्यायला पंधरा दिवस लागले. म्हणायचा, पाण्यात उतरलो की दुखणं वरच राहतं, मग आजार कसला? आपण सगळे हेच म्हणतो. खाली दुखत नाही म्हणजे माणूस धडधाकट. बाईंनी समजावलं की पाण्याचा दाब असतो तोवर त्याला बरं वाटतं, पण घाईने वर आला की रक्तात बुडबुडे धरतात आणि हाडाचं रक्त अडतं. घाईने वर खेचणारा कोण? दोरी माझ्या हातात असायची. बाई ते बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

फोटो काढला. बाईंनी एक्स-रेचा तो फोटो उजेडात धरला, मग टेबलावरचा पाव घेतला आणि आम्हांला दाखवला. म्हणाल्या, वरचं कवच म्हणजे सांध्याची कुर्चा, ती अजून चांगली आहे. पण तिच्या खालचं खुब्याचं हाड आतून मेलंय. पाय टाकला की दुखतं ते तिथलं. अजून कवच खचलेलं नाही, तोवर इलाज आहे. बाजूने आत एक भोक पाडायचं, आतला दाब मोकळा होतो, रक्ताला वाट मिळते, नवं हाड धरायची आशा राहते. मग दोन महिने कुबड्या, त्या पायावर भार नाही, आणि खोल पाण्यात पुन्हा कधीच नाही. कवच एकदा खचलं की कितीही भोकं पाडा, उपयोग शून्य.

स्केव्होस हसला. म्हणाला, "आधीच पोखरलेलं हाड, त्याला आणखी पोखरणार?" पण घरी येताना रस्त्यात थांबला आणि मला म्हणाला, "दादा, मी करून घेतो. मला अनासोबत लग्नात नाचायचंय. काठी न घेता."

अना ही त्याची ठरलेली मुलगी. आता मेलबर्नला असते, तीन मुलं आहेत तिला.

भूल देणारे डॉक्टर रोड्सहून यायचे होते. तारीख ठरली, ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार. स्पंजाच्या बोटी हंगामाला निघायच्या त्याच सुमाराला. म्हणून बाई मुद्दाम धक्क्यावर आल्या, मी हवेच्या नळ्या तपासत होतो तिथे. म्हणाल्या, "कप्तान, त्याला मागे ठेवाल ना?" मी गळ्यातल्या क्रुसाला हात लावून हो म्हटलं.

पाद्रीबाबा, तुम्ही माझ्याकडे असे बघू नका. पुढचं ऐका.

स्केव्होस नसेल तर माझ्या बोटीला कोण विचारतं? हे मला पक्कं ठाऊक होतं. ईस्टरच्या जेवणाला भात भरलेलं कोकरू होतं, घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि जो तो विचारत होता, यंदा साकेलारिसच्या बोटीवरून पाण्यात कोण उतरणार. बोट माझी, नाव त्याचं. मला ते लागलं. लाज वाटते सांगायला, पण तेवढंच कारण होतं. पोरं उपाशी नव्हती, डोक्यावर काही संकट नव्हतं. मला त्या वर्षीही बंदरात सगळ्यांत जास्त माल घेऊन यायचं होतं.

शनिवारी मी त्याला सांगितलं की डॉक्टरीणबाईंचा निरोप आलाय. रोड्सचे डॉक्टर येत नाहीत. घाई नाही म्हणाल्या, हंगामाहून आलास की सप्टेंबरात करू.

तो म्हणाला, "नक्की तसंच म्हणाल्या?"

मी म्हटलं, "तू उतर, मी तुला हळू वर घेईन."

रविवारी प्रार्थना झाली, बोटींवर पवित्र पाणी शिंपडलं आणि आम्ही निघालो. मंगळवारी बाई शस्त्रक्रियेच्या खोलीत हात धुऊन उभ्या होत्या. रोड्सचे डॉक्टर आले होते. दुपारपर्यंत त्यांनी वाट बघितली. हे मला पुढे इस्पितळाच्या नर्सने सांगितलं. मी त्या वेळी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ होतो आणि माझा भाऊ पाण्याखाली होता.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तो डेकवर उभा राहायला गेला आणि खाली बसला. उजवा पाय त्याला धरेना. नुसता बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

सप्टेंबरात फळीवर घालून आम्ही त्याला इस्पितळात नेलं. नवा फोटो काढला. मलासुद्धा दिसलं, खुब्याच्या हाडाचं गोल असायचं ते टोक चेपलं होतं. स्केव्होस सगळ्या वॉर्डासमोर बाईंना नाही नाही ते बोलला. म्हणाला, तुम्ही तारीख ढकललीत, तुम्हांला ईस्टरची सुट्टी हवी होती, माझा पाय तुमच्यामुळे गेला. मी दारात टोपी हातात धरून उभा होतो. बाईंनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. आणि त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "हो. उशीर झाला."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, का सांगितलं नाहीत? तुम्हांला वाटत असेल, बाई संत आहेत म्हणून. छे. संतापाने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाल्या, "उद्यापासून त्याला कॉटवरून उचलायचं कोणी? संडासात न्यायचं कोणी? तुम्ही. त्याला दुसरं कोण आहे? आज त्याला खरं कळलं तर तो तुमचा हात घेणार नाही, आणि मग पडूनच राहील. मला शिव्या दिल्या तरी मी त्याचा पाय बघणारच आहे." आणि जाता जाता म्हणाल्या, "कधीतरी तुम्हीच सांगा. मी हे बेट सोडायच्या आत सांगा."

मी म्हटलं, सांगतो. आणि पंधरा वर्षं गप्प बसलो.

पुढचं तुम्हांला माहीत आहे. अथेन्सला नेऊन कृत्रिम सांधा बसवला, तो ढिला झाला. दुसरा बसवला, त्यात पू झाला. शेवटी सांधा काढून टाकला, पाय दोन बोटं आखूड झाला. लग्न मोडलं. गेली बारा वर्षं तो माझ्या वखारीत स्टुलावर बसून स्पंज कातरतो. आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक तरुण पाणबुड्याला सांगतो, त्या बाईकडे जाऊ नकोस. ती भोकं पाडते आणि वेळेवर पाडत नाही.

पोरांनी त्याचं ऐकलं. का ऐकू नये? पाय समोर दिसत होता. इथे पुढच्या रांगेत थिओफिलोस बसलाय. त्याच्या बायकोने त्याला कानाला धरून बाईंकडे नेलं, भोक पाडून घेतलं, आणि गेल्या वर्षी तो मुलीच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचला. पण जे आले नाहीत? वेळ होती तेव्हा आले नाहीत आणि खचल्यावर आले, ते चौघे? मी नावं घेत नाही. त्यांच्या घरची माणसं याच सभागृहात बसली आहेत. त्या चार पायांचा हिशेबही माझ्याच नावावर आहे.

स्केव्होस इथे आहे. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, टोपी न काढता. यायला तयार नव्हता. त्या बाईचा कसला सत्कार, म्हणाला. मीच आणला, म्हटलं, दादाचं भाषण तरी ऐक.

स्केव्होस, निरोप आला नव्हता. बाई त्या मंगळवारी तुझी वाट बघत होत्या. तुझा पाय मी घालवला.

बोलू नका कोणी. तो उठतोय, उठू द्या. त्या रांगेतल्यांनी पाय आवरा, त्याला वाट द्या. थिओफिलोस, बस तू, मागे जाऊ नकोस. दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत, कठडा नाही. त्याला उजवा पाय आधी खाली टाकावा लागतो आणि डावीकडून आधार लागतो. रोज मी असतो. आज माझा घेणार नाही. दाराजवळचं कोणीतरी उठा.

बाई, तुम्ही कशाला उठताय? समारंभ तुमचा आहे. निदान हातातली फुलं तरी खाली ठेवा.

माईकवरून मला दार नीट दिसत नाही. कोणीतरी सांगा, घेतला का त्याने बाईंचा हात?

घेतला. बरं झालं.

अध्यक्षमहाराज, पाद्रीबाबा, सज्जनहो, माझे शब्द संपले. बाईंनी या बेटासाठी जे केलं त्याबद्दल पाणबुड्यांच्या संघटनेतर्फे त्यांचे आभार मानायला मला पाठवलं होतं. त्या आता सभागृहात नाहीत, तरी ते आभार मानतो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, तर तेवढ्याची माफी असावी. बाकीची तुमच्याकडे मागून उपयोग नाही. ती ज्याच्याकडे मागायची, तो पायऱ्या उतरून गेला.